कागदावर चार, पोटची पाच

४ मार्च

टीव्हीवर आज पुन्हा तेच. बायकांची पेन्शन अठ्ठावन्नला नको, पुरुषांसारखी त्रेसष्टला! जाड मानेचा एक साहेब म्हणाला, बायका जास्त जगतात, मग काम जास्त करायला काय हरकत? म्हणजे पुरुषांनी व्होडका ढोसून लवकर जायचं आणि शिक्षा आम्हाला. तोबा! हे सोफ्यावर आडवे होऊन मान डोलावत होते. "समानता पाहिजेच," म्हणाले. "चहा टाक."

घरकाम केलेल्या बाईला सरकार देणार ते थोडकंच. पण माझं असेल. मशिदीत दान टाकायला यांच्यापुढे हात पसरावा लागणार नाही.

६ मार्च

शेजारची उल्बोसिन आली होती. तिच्या आईबापांना मुलगा हवा होता, म्हणून हिचं नावच 'मुलगा होवो'. म्हणते, "मी नावाने पुरुषच. मला त्रेसष्ट लागू करा, मिशा तेवढ्या फुकट द्या!" हसून हसून माझा चहा सांडला.

मग म्हणाली, "अगं, तू कशाला रडतेस? पाच मुलं वाढवलेल्या बाईला त्रेपन्नलाच मिळते."

एप्रिलमध्ये मला त्रेपन्न पुरी होतात. अल्लाह, तूच धाडलंस हिला.

११ मार्च

पेन्शनच्या ऑफिसात गेले. बसने नाही, चालत. काचेमागची पोरगी म्हणाली, "काकू, तुमच्या नावावर चारच दिसतात."

दिसणारच! अल्दियार माझा पहिला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची. चाळीस दिवस झाले आणि रिवाजाप्रमाणे सासूबाईंनी त्याला आपल्या कुशीत घेतला — पहिलं नातवंड आजीआजोबांचं. सगळेच देतात. पण आमच्या सासूबाई पक्क्या. जन्मदाखल्यावरही आई म्हणून स्वतःचंच नाव घातलं. तेव्हा सरकारदरबारी अल्दियार माझा धाकटा दीर! हाकही 'वहिनी' अशीच मारतो. आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. धाकट्या मुलाने आईला सांभाळायचं, म्हणून सासूबाई त्याच्याकडे.

पोरगी चांगली होती. म्हणाली, सासू आणि मुलगा दोघांनी कोर्टात कबूल केलं तर आईचं नाव बदलतं.

१५ मार्च

यांना सांगितलं. भडकलेच. "पेन्शनसाठी माझ्या आईचा मुलगा हिसकावणार तू?"

"कुणाचा मुलगा?" मी विचारलं.

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

२२ मार्च

नौरूझ, नव्या वर्षाचा सण. सकाळपासून मोठ्या पातेल्यात कोझे, आमची सणाची आंबट पेज, ढवळत होते. अल्दियार बायकोला आणि सासूबाईंना घेऊन आला. तो जिल्हा ऑफिसात आहे. सध्या त्याचं काम काय, तर गावोगाव फिरून बायकांना समजावायचं, की वय वाढतंय ते त्यांच्याच भल्यासाठी! भिंतीवर चित्रं पाडून दाखवतो म्हणे. माझा कोझे ओरपत म्हणाला, "वहिनी, त्रेसष्ट म्हणजे काहीच नाही. तुमची तब्येत बघा, घोड्यासारखी!"

घोड्यालासुद्धा म्हातारपणी कुणी नांगराला जुंपत नाही. बोलले नाही. सणाचा दिवस.

कोर्टाचं मात्र विचारलं. त्याचा चमचा थांबला. "लोक काय म्हणतील? आम्हाला थांबा सांगतो आणि स्वतःच्या—"

पुढचा शब्द त्याला सापडेना. मी वाट पाहिली. मग त्याने पाव मागितला. दिला.

सासूबाई ऐकत होत्या.

२९ मार्च

शुक्रवार. मेलेल्यांच्या नावाने सात पोळ्या तळल्या. तेल भडकलंय, पण सातच्या सहा करणारी मी नाही. सासूबाईंना नेऊन दिल्या. त्यांनी घेतल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

३० मार्च

उल्बोसिनने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. राहू दे झालं.

५ एप्रिल

आज आमच्याच गावात अल्दियारची सभा. हॉल बायकांनी भरलेला. आरडाओरड! मागून कुणीतरी म्हणालं, "तुम्ही बाळंत व्हा, मग बोलू!" तो घामाघूम. शेवटी सावरून म्हणाला, "ज्यांनी पाच मुलं वाढवली, त्यांना तर त्रास नाहीच. सरकार आईची कदर करतं."

तेवढ्यात पहिल्या रांगेत सासूबाई काठी टेकून उठल्या. ऐंशी वर्षांच्या. आवाज मात्र तोच, ज्याने आयुष्यभर मला उठवलं.

"मग माझ्या सुनेची कदर कर. तिने पाच जन्माला घातली. चार घरी वाढवली आणि एक मी उचलून नेला. तोच बोलतोय तुमच्यापुढे. विचारा त्याला, आई कोण!"

अल्दियारच्या हातातला माइक शिट्टी मारायला लागला. मी खाली मान घालून बसले. डोक्याचा रुमाल सोडून डोळ्यांना लावला.

१८ एप्रिल

कोर्टात दोघांनी सह्या केल्या. आधी सासूबाईंनी, मग अल्दियारने. सासूबाईंचा हात कुणी धरायला गेलं तर झटकला.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "झालं ना मनासारखं?" झालं.

१९ एप्रिल

दुपारी सासूबाई दारात. हातात गाठोडं, काखेत त्यांची नमाजाची चटई. म्हणाल्या, "नातवाकडे कुणी कायमचं राहत नाही, सूनबाई. आता मला मुलगा उरला तो तुझा नवराच."

खिडकीजवळची खोली त्यांना दिली. पेन्शन यायची तेव्हा येईल. काम आजपासून सुरू.