भिंतीपलीकडची सोबत

३ फेब्रुवारी
सेमारांगच्या या इस्पितळात आज पहिला दिवस, आणि मी भलतीच खूश आहे. सहा वर्षं मुलांच्या वॉर्डात रडारड ऐकून कान किटले होते. इथे, अणुऔषध विभागात, सगळं शांत. थायरॉइडच्या कॅन्सरचे रोगी येतात, किरणोत्सारी आयोडीन घेतात आणि अंगातला किरणोत्सर्ग ओसरेपर्यंत शिशाच्या भिंतींच्या खोलीत तीन-चार दिवस एकटे राहतात. मुख्य नर्स म्बाक पालुपीनं आल्या आल्या विचारलं, मुलांच्या वॉर्डातली ना तू, मग गाणी येत असतील, इथेही लागतील.

का ते दुपारी कळलं. आमच्या जेवणाच्या खोलीची आणि रोग्याच्या खोलीची एक भिंत सामाईक आहे. जुन्या एसीची नळी काढली तिथे मुठीएवढं भोक राहिलंय. वर कॅलेंडर असतं. ते उचललं की पलीकडच्याशी बोलता येतं. आजारी माणसाला एकटं टाकणं आमच्यात कुणालाच जमत नाही. घरच्यांना आत सोडत नाहीत, तर निदान आपण पाळीपाळीनं बसावं, असं इथे ठरलेलं आहे. फक्त सुरक्षा अधिकारी पाक सुनार्कोंच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. ते लगेच बुजवतील.

मला ही माणसं आवडली.

२० फेब्रुवारी
छातीवर लावायच्या बॅजवर किरणोत्सर्गाचा आकडा जास्त आला तर विभागातून उचलबांगडी होते. म्हणून सगळ्याजणी बॅज कॅलेंडरच्या खिळ्याला लटकवतात आणि मग कामाला जातात. जेवणाच्या खोलीत कसला आलाय किरणोत्सर्ग, असं पालुपीचं म्हणणं. मीही लटकवला. नव्या सुनेनं घराची रीत मोडू नये.

१४ मार्च
मला दिवस गेलेत. आधीची दोन गेली. दुसरं तर पाचव्या महिन्यात, नाव ठरवून झाल्यावर. यावेळी मला फक्त हे मूल हवंय, बाकी काही नाही. चार महिने होईपर्यंत बोलू नये म्हणतात, पण इथे लपवणं धोक्याचं, म्हणून पालुपीला सांगून टाकलं. तिनं मिठी मारली आणि तासाभरात मला औषधाच्या खोलीतून बाहेर काढलं. आता माझं टेबल जेवणाच्या खोलीत: नोंदी ठेवायच्या आणि रोग्यांना सोबत करायची. बसून काम, सगळ्यात सुरक्षित जागा. घरी नवऱ्यानं, मास प्रानोतोंनी, आनंदाच्या भरात माझ्या चहात दोनदा साखर घातली.

२ एप्रिल
बॅजचा अहवाल आला. पाचही जणींचे आकडे जास्त. पाक सुनार्को तणतणत आले, खिळा पाहिला आणि म्हणाले, "बॅज काय कपडे आहेत वाळत घालायला?" मग निदान झालं: शेजारच्या भाताच्या कुकरच्या वाफेनं बॅज बिघडले. भिंतीत शिसं आहे, ते त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलंय. पालुपी सगळा वेळ कॅलेंडरला पाठ लावून हसत उभी. मीही गप्प बसले. का बसले?

९ एप्रिल
पाक सुनार्कोंकडे किरणोत्सर्ग मोजायचं मीटर मागितलं. ते तपासणीसाठी जाकार्ताला गेलंय. अर्ज करा म्हणाले, केला. मग म्हणाले फॉर्म जुना आहे. पालुपीला विचारलं, भोकातून येत असेल तर? तिनं वेड्यात काढलं. एवढंसं भोक, तेही तिरकं. आणि मग म्बाह कार्सिनांना काय सांगू, तुमच्याशी बोलायला पोरगी घाबरते?

म्बाह कार्सिना, सध्या पलीकडच्या खोलीतल्या आजी, सत्तरीच्या, जन्मभर बाटिकचं काम केलेल्या. सोबत नीट ऐकू यावी म्हणून त्यांनी पलंग या भिंतीला लावून घेतलाय. बोलतात तेव्हा तोंड अगदी भोकाशी असतं. लवंगेच्या वासाचा श्वास माझ्या तोंडावर येतो.

२४ एप्रिल
शेवटी सगळं सांगायला गेले, तर पाक सुनार्को प्रशिक्षणाला गेलेले, महिनाभर. त्यांच्या जागेवरचा माणूस म्हणाला, लेखी द्या, मुख्य नर्सच्या सहीनं. पालुपी सही करेना. उलट माझ्यासाठी आणलेलं सोयाबीनचं टेंपे तिनं दुसरीच्या ताटात वाढलं. मी टेबल ओढून बाहेर नेलं. त्याच माणसानं परत आत ठेवायला लावलं: गरोदर बाईनं रोग्यांच्या वाटेवर बसायचं नाही, नियम आहे.

नियम! डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. घरी बसावं, तर मी अजून कच्च्या नेमणुकीवर. कळलं तेव्हाच निघायला हवं होतं.

८ मे
भोकात टॉवेल कोंबला.

जेवून आले तर टॉवेल जमिनीवर, ओलसर. पलीकडच्या नव्या रोग्यानं ढकलला होता. म्हणाला, हवा येत नाही, ताई. आहेस ना? बोल ना काहीतरी.

बोलले नाही. तो हाका मारत राहिला. मग रडला. शेवटी मीच उठून — गेले जवळ. मला नाही ऐकवत ते.

१९ मे
मीटर आलं. पलीकडची खोली कालपासून रिकामी. भोकाशी धरलं आणि ते इतकं टकटकायला लागलं की पालुपीच्या हातातली बशी पडली. कॅलेंडर, टॉवेल, माझ्या खुर्चीची पाठ, माझा कप — सगळीकडे टकटक. रिकाम्या खोलीतून कोण किरण सोडतंय, असं ती विचारत होती. कुणी नाही. तीन महिने रोग्यांच्या श्वासातलं आयोडीन इथे साठत होतं. आणि आम्ही इथेच भात खात होतो.

पालुपी रडत माफी मागते आहे. मला तिची माफी नको आहे.

१९ मे, दुपारी
आंघोळ केली. कपडे बदलले. मीटर घेऊन अंगणात झाडाखाली आले. इथे काही नाही. झाडाशी गप्प. बाकाशी गप्प. हाताशी गप्प.

गळ्याशी — हळू टकटक.

सतरावा आठवडा. पोटातल्या बाळाचीही थायरॉइड आता तयार झालेली असते, आयोडीन ओढून घेते — माझ्या डॉक्टरीणबाई फोनवर हे सांगत होत्या आणि मधेच थांबल्या. मी विचारलं, मग?

बघणार नव्हते. नको होतं बघायला.

पोटाशी धरलं. दूर नेलं, गप्प. पुन्हा धरलं. बेंबीखाली, डावीकडे, एकाच जागी — नाही, आता ती जागा सरकली — तो वळला, आज पहिल्यांदाच हलला, आणि टकटक त्याच्याबरो—