टिकल्यांच्या ढाली

२० सप्टें., शनि.
पायाच्या प्लास्टरच्या आत खाज. ताईची स्वेटरची सुई घातली तर ती पण आत अडकली. दाजींनी पक्कडीनं ओढून काढली. पुसून ताईला दिली.
ताईचं घर तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यामुळं मी आणि गॅलरी. गॅलरीतून दिघीच्या लष्कराची भिंत दिसते. सकाळी जवान रांगेत पळतात. कुणी मागं राहिलं की आवाज टाकतात. मला कुणी आवाज टाकत नाही.
बाळूचा फोन आला. चाकणहून नव्या गाड्या भरून निघतो तो ट्रेलर त्याच्याकडं, मी त्याच्याबरोबर हेल्पर. होतो. आत्ता सिलिगुडीच्या अलीकडं आहे. म्हणाला, "अव्या, तुझ्या सीटवर पाण्याचा कॅन ठेवलाय भावा. बेल्ट लावलाय त्याला. तुझ्यापेक्षा कमी बडबडतो."

२२ सप्टें.
ताईनं परत तोच विषय, ट्रेलर सोड. मी चाकणच्या यार्डात ट्रेलरच्या वरच्या डेकवरून पडलो तेव्हा तिला अनोळखी नंबरवरून फोन गेला होता. तेव्हापासून ती अनोळखी नंबर उचलतच नाही. गॅसवाल्याचा पण नाही, म्हणून सिलिंडर परत गेला.
दाजींनी त्यांच्या कंपनीला माल देणाऱ्या एका शेडमध्ये माझं बोलून ठेवलंय. पॅकिंग. दिवाळीनंतरच्या सोमवारी जॉइनिंग. मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. त्यांनी ते हो धरलं.

२५ सप्टें.
दाजी सेकंड शिफ्टला जायच्या आधी दोन पिशव्या माझ्या मांडीवर ठेवून गेले.
"काय मेव्हणे, हात तर धड हाईत ना?"
एकीत किल्ल्याचे मावळे, चिंचवडच्या कुंभाराकडून. दुसरीत प्लास्टिकचे हिरवे शिपाई, मशीनगनवाले. ते दरवर्षी दिवाळीला खाली पार्किंगमध्ये किल्ला करतात. म्हणजे बाकीचे लोक किल्ला करतात, दाजी लढाई करतात. वर्षभर शिपाई जमवतात. पलंगाखाली खोके आहेत, बेअरिंगचे, आत कापसात माणसं.
यंदा उंबरखिंड. खानाचं सैन्य कोकणात उतरताना महाराजांनी खिंडीत कोंडलं, ती.
अडचण एकच. बाजारात मावळा मिळतो, वासुदेव मिळतो, गवळण मिळते, वाघ पण मिळतो. शत्रू मिळत नाही. कुणी बनवतच नाही. आणि या लढाईत मावळे झाडीत लपलेले, दिसायचेच नाहीत. दिसायचं ते सगळं खानाचं सैन्य. ते करायचं मावळ्यांपासून.
आणि ते मी करायचं.

२७ सप्टें.
जमतंय. कटरच्या ब्लेडनं मावळ्याची पगडी तासायची, पुट्टीची वडी मळून नवी चढवायची, वरून दोऱ्याचे पेच. टिश्यू पेपर पांढऱ्या डिंकात बुडवून लांब अंगरखा. झाडूच्या हिरांचे भाले. हिरव्या शिपायाची मशीनगन कापून उदबत्तीच्या काडीची लांब बंदूक.
ढालीला काही सापडेना. मग ताईच्या टिकल्यांचं पाकीट दिसलं. मोठ्या मरून. एकदम बरोबर.
संध्याकाळी ताई आरशासमोर. "अवी, माझ्या टिकल्या?"
"लढाईवर गेल्या."

३० सप्टें.
दाजींनी माझी पहिली तुकडी हातात घेऊन पाहिली. सगळ्यांना मी काळ्या दाढ्या रंगवल्या होत्या.
"सगळे दाढीवाले कामून केले?"
"खानाचे ना."
"खानाच्या संगं आपली आडनावं पण होती. राजपूत पण. हे निम्मे पुसा."
बसलो पुसत.
दुसरी चूक त्यांनी नाही, मीच काढली. कुंभाराच्या साच्यातले मावळे सगळे हसतात. मिशीखाली ओठ वर. कोंडलेला माणूस हसेल का. तर आता प्रत्येकाचं तोंड सुईनं खाली ओढतोय. सुई गरम करून प्लास्टिकवाल्यांचं करतो. वास घरभर.

३ ऑक्टो.
काल दसरा. सोनं द्यायला लोक वर आले, मी बसल्याजागी सगळ्यांच्या कमरा बघितल्या. खालच्या मजल्यावरच्या शोभाकाकू, मूळच्या दिघी गावठाणातल्या, सैन्य पाहून म्हणाल्या, "आवं ही सगळी दुखण्यातून उठल्यावानी का दिसत्यात?"
"तहानलेत काकू. पाणी नाही त्यांना."
"मंग पाजा की कुनीतरी."

४ ऑक्टो.
दाजी रात्रपाळी करून आले, झोपायच्या ऐवजी नकाशा काढत बसले. खानाचं सैन्य इथूनच गेलं म्हणतात. चिंचवड, तळेगाव, वडगाव, मळवली, मग लोणावळ्यावरून खाली. म्हणजे आपल्या लोणावळा लोकलचीच वाट. आकुर्डीला थांबले असतील का, विचारलं. दाजी हसले नाहीत.
मी म्हणालो, खिंडीत मी गेलोय. दोन वर्षांपूर्वी, बाळूबरोबर खोपोलीला निघालो होतो, एक जण म्हणाला तिकडं चांगला वडा मिळतो, वडा नाही मिळाला, खिंड मिळाली. दाजी एकदम ताठ बसले.
"कशी आहे?"
इतक्या वर्षांत ते कधी गेलेच नाहीत. लोणावळ्याच्या पुढं उतरलेच नाहीत. सुट्टी मिळाली की गाव, गाव झालं की शिफ्ट. मला वाटलं होतं, ज्याला एवढं माहीत तो गेलाच असेल.
मी सांगितलं. अरुंद. दोन्हीकडं रान. आणि खाली नदी.
"नदी?"
"हो. पाण्यात उभा होतो मी."
त्यांनी लढायांची जुनी पोथी काढून उघडली. पोथीत तर सैन्य तहानेनं व्याकूळ.

८ ऑक्टो.
चार दिवस दाजी नदीवर अडकलेत. जेवताना पण. आज डबा भरताना मध्येच म्हणाले, "नदी समोरच्या तोंडापलीकडं दाखवू. वाट अडवलीय त्याच्या पलीकडं. पाणी ऐकू येतंय, पण पोचता येत नाही."
ताई म्हणाली, "अहो, डब्यात चमचा राहिला." ते निघून गेले होते.
मला झोप नाही आली त्यावर. ऐकू येतंय पण.

१३ ऑक्टो., सोम.
प्लास्टर कापलं. आतून निघाला तो पाय माझा नाही, कुणा म्हाताऱ्याचा. काठी. तीन मजले बसत बसत उतरलो.
बाळूला फोटो पाठवला. त्याचा मेसेज: "२६ ला सकाळी मोशीतून निघतोय. गुवाहाटी. वर चढायचं काम दुसरा पोरगा करेल, तू खाली केबिनमध्ये बस. रस्ता सांग. येतोस का?"
२६ रविवार. २७ सोमवार जॉइनिंग.
उत्तर टाइप केलं, पुसलं. परत टाइप केलं. मग गुवाहाटीला त्या पुलाजवळ तो चहावाला आहे का अजून, एवढंच विचारलं.

१५ ऑक्टो.
पार्किंगमध्ये डोंगर उभा राहिला. विटा, पोती, लाल माती. दोन बाजूंना सुळके, मध्ये खिंड. उतारावर मोहरी आणि अळीव पेरलं, ते उगवलं की रान. मावळे त्यात लपवणार. पलीकडं निळ्या पॉलिथिनची नदी. पुढची वाट दगडांनी बंद. मागची पण. दाजींनी मागची बंद करताना स्वतः दगड निवडले.
मी एक शिपाई कुणाला न सांगता केला. त्याला भाला नाही, बंदूक नाही. पाठीला ढाल, दोन्ही हात वर. सुळक्यावर चढतोय.

१६ ऑक्टो.
दाजींना तो दिसलाच.
"हा कोण?"
"निसटलेला."
"असं झालं नव्हतं."
"एक पण नाही?"
"पोथीत नाही." काढून माझ्या खिशात टाकला. रागानं नाही. खिसा वरून थोपटला पण.
ताई पायरीवर मेथी निवडत होती. म्हणाली, "मग शेवटी काय झालं या लोकांचं?"
दाजी म्हणाले, खानाबरोबर एक सरदारीण होती. तिनंच सांगितलं, लढू नका, शरण जा. महाराजांनी अट घातली, सगळं सामान इथं ठेवा आणि जीव घेऊन जा.
"आणि सोडलं?"
"सोडलं."
"कुठं गेले मग?"
दाजींना माहीत नव्हतं. पहिल्यांदाच बघितलं असं.

१७ ऑक्टो.
संध्याकाळी सैन्य खिंडीत उतरवलं. दाजी शिफ्टला जाताना बजावून गेले, रंगावर वार्निश मारा, मगच ठेवा. वार्निश उघडलं. तेवढ्यात बाळूचा व्हिडिओ कॉल, हायवेवर हत्ती आडवा आलाय, ट्रेलर थांबलाय, हत्ती पण थांबलाय. तो हत्ती हलेपर्यंत मी बघत बसलो. मग वार्निशचा ब्रश कडक झाला होता. म्हटलं उद्या. सैन्य तसंच ठेवलं.

१८ ऑक्टो.
सकाळी खाली गेलो. शोभाकाकू हातात पाइप घेऊन डोंगरावर पाणी मारत उभ्या. रोज सगळेच मारतात, आळीपाळीनं. अळीव त्याशिवाय उगवत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की खाली माणसं उतरलीत.
डोंगरावरचं सगळं पाणी खिंडीत.
डिंक विरघळलेला. अंगरखे खाली ओघळलेले. दाढ्यांचा रंग छातीवर. मरून टिकल्या चिखलात तरंगत होत्या, एक पाइपच्या तोंडाला चिकटलेली. शाडूचे होते त्यांचे पाय गेले, नुसती धडं उभी.
काकूंनी पाइप सोडला. "आवं मला काय म्हाईत. तूच म्हनला व्हतास, तानलेली हाईत."
मी तिथंच बसलो. काठी कुठं पडली कळलं नाही. दाजींचं वर्ष. पलंगाखालचे खोके. आणि मी हत्ती बघत होतो.

१८, परत
दाजी आले. हेल्मेट काढलं नाही. उकिडवे बसून एकेक शिपाई बघत गेले. काकू पदर तोंडाला लावून. ताई जिन्यात.
मी म्हणालो, "करतो परत. दिवाळी संपेपर्यंत करतो."
त्यांनी एक उचलला. अंगरखा फाटून लोंबतोय, ढाल गेलेली, तोंड पुसलं गेलेलं. परत तिथंच ठेवला.
"राहू द्या."
"पण"
"आता कोंडल्यासारखे दिसतेत." मग हेल्मेट काढलं. "पाय नसलेले तेवढे बसवा. बसलेले दाखवा."
मला शिव्या हव्या होत्या. शिव्या देऊन झाल्या की माणूस मोकळा होतो. हे असं केलं की जाता येत नाही.

२० ऑक्टो.
पहिली अंघोळ. मंडळाच्या किल्ला स्पर्धेचे परीक्षक आले. एक म्हणाले, "महाराज कुठायत?" दाजींनी वर झाडीत बोट दाखवलं. "मोठे पाहिजे होते जरा." दुसरे म्हणाले, "यात आपले जिंकतायत असं वाटत नाही." उत्तेजनार्थ मिळालं.
दाजी खूश आहेत. म्हणजे चकली दोनदा घेतली.

२३ ऑक्टो., गुरु.
भाऊबीज. ताईनं ओवाळलं. मी ताटात पाचशेची नोट टाकली. तिनं उचलून माझ्या खिशात परत घातली.
"ही नको. ओवाळणी म्हणून सोमवारी कामावर जा."
दाजी टीव्हीकडं बघत होते. टीव्ही बंद होता.
 नोट होती त्याच खिशात तो चढणारा शिपाई होता. तो काढून ताटात ठेवला, निरांजनाशेजारी. पाठीवर तिचीच टिकली.
ताईनं तो बराच वेळ हातात धरला. "याचं तोंड का नाही केलं?"
"राहिलं."
तिनं तो गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. आत तोंड करून की बाहेर, कळत नाही. तोंडच नाही.

२५ ऑक्टो., शनि.
सॅक भरली. दोन शर्ट, टॉर्च, हातमोजे. पलंगाखाली सारली, शिपायांच्या खोक्यांमागं. जॉइनिंगचे फोटो पण काढून आणलेत चौकातून, दोन्ही कान दिसणारे. दोन्ही तयारी. बाळू म्हणतो, "तू येणार ते ठरव, मी हॉर्न वाजवून थकलो राव."
दाजी मळवलीच्या पुढचं काहीतरी मोबाइलवर बघत होते. मी गेलो तर बंद केलं.

२६ ऑक्टो., रवि.
सकाळी ताई झाडायला वाकली आणि तिला सॅक दिसली. ओढून बाहेर काढली. मी दारात. वाटलं आता सुरू होईल. यार्डाचं, त्या फोनचं.
काही नाही. सॅकची चेन लावली, उघडी राहिली होती. भिंतीला टेकवून ठेवली.
"जायचं तर जा. सामान इथं ठेवून जा."
कणीक मळायला आत गेली. दाजी आंघोळीला. नळ चालू, पण पाणी पडल्याचा आवाज एकसारखा, कुणी अंगावर घेत नसल्यासारखा.
तीन मजले उतरलो. सॅक न घेता, काठी न घेता. आता पार्किंगमध्ये खिंडीशेजारी बसून लिहितोय. अळीव डोक्यावरून वाढलंय, मावळे आता खरंच दिसत नाहीत. खालचे दिसतात. शोभाकाकू लांबून म्हणाल्या, "आज पानी मारू का नगं?" मी म्हटलं मारा.
वर बघितलं. कठड्यावर तो आहे. ताई नाही.
फोन वाजला. बाळू. मागं इंजिनाचा आवाज.
"निघालास का?"
"खाली आलोय," म्हणालो.