पऱ्हाटी उपटलेल्या वावरातलं विमान

चाचा, परवा मी वर्गात वस्तूचा तोल शिकवत होते. फूटपट्टी दोन बोटांवर धरली आणि पुढचं वाक्यच विसरले, कारण समोर तुमचं जळगाव जामोदचं दुकान उभं राहिलं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची भेंडोळी, वार्निशचा उग्र वास आणि चष्मा कपाळावर चढवून मोटारीत नवी तार भरत बसलेले तुम्ही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी शिकवते ते तुमच्याच पद्धतीनं.

तेव्हा मी सोनाळ्याच्या शाळेत विज्ञानाची नवी बाई होते. बीटी कपाशीवर बोंडअळी पडली, तेच ते वर्ष. फवारण्या करकरून माणसं थकली होती. बोंड उकललं की आत गुलाबी अळी. नववीच्या पोरी शाळा सोडून मजुरीला जायला लागल्या होत्या. अशात माझ्या भावानं पुण्याहून रिमोटवर उडणारं, बॅटरीचं शिकाऊ विमान पाठवलं. पांढऱ्या फोमचं, दोन हात रुंद पंखांचं. मी पोरींच्या घरी जाऊन सांगितलं, शनिवारी विमान उडवणार आहे, एवढा एक दिवस पाठवा. पोरी आल्या. शिपायानं विमान फेकलं, त्यानं नाक सरळ आभाळाकडे केलं, क्षणभर तसंच थांबलं आणि धाडकन खाली आलं. मुख्याध्यापक सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, स्वतःला येत नाही ते पोरींना काय शिकवता?"

ते तुकडे पोत्यात घालून मी एसटीनं तुमच्याकडे आले, कारण मोटारीचं काम म्हटलं की सगळे तुमचंच नाव घेत. असलं विमान तुम्ही आयुष्यात पाहिलं नव्हतं. तुम्ही लगेच हात लावला नाही. आधी मला चहा पाजलात आणि ते कसं पडलं ते तीनदा सांगायला लावलंत. मग बांबूची कामटी घालून नाक चिकटवलंत, पंखांखाली दोन बोटं लावून विमान उचललंत. शेपूट खाली गेलं.

"पाहा. मांगं जड हाय. बॅटरी कोनं मांगं बसवली?"

"मीच. पुढं झाकण लागत नव्हतं."

"झाकन लागत नाही म्हून वजन हलवलं? बाई, तुम्ही शिकलेल्या ना?" तुमचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. नाकातला फोम कोरून तुम्ही बॅटरी पुढं बसवलीत. मग विमान आपल्या दोघांकडे तोंड करून टेबलावर ठेवलंत आणि रिमोटची कांडी किती तरी वेळ इकडेतिकडे हलवत बसलात. "हे तुमच्याकडं येऊन राह्यलं ना, तं डावं-उजवं उलटं होते. तवा डोकं नाही चालवाचं. जो पंख खाली गेला, त्या बाजूले कांडी न्याची. त्याले टेकू द्याचा." नवखा माणूस नेमका इथंच चुकतो, हे मला पुढं पुस्तकात वाचायला मिळालं. तुम्ही ते बसल्या बसल्या शोधून काढलं होतं.

दुसऱ्या खेपेला तुम्ही स्वतः सोनाळ्याला आलात. गावाबाहेर एका मावशीनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून वावर मोकळं केलं होतं. त्या म्हणाल्या, "उडवा बाई, यंदा त्यात काईच नाही." शिपाई विमान फेकतो. ते सावकाश चढतं, बाभळींवरून लांब जातं, वळतं, आमच्याकडे यायला लागतं आणि माझे हात उलटे चालतात. पंख कलतो. पोरी किंचाळतात. मागून तुमचा आवाज येतो, "टेकू, बाई! टेकू द्या!" मी कांडी खालच्या पंखाकडे नेते. विमान सरळ होतं, आमच्या डोक्यावरून जातं. पुढं दोन फेऱ्या मारून ते ढेकळांत अलगद टेकलं, तेव्हा कित्येक दिवसांनी त्या गावातली माणसं मोठ्यानं हसताना मी पाहिली. सोमवारी चार पोरी वर्गात आल्या. त्यातली एक शेवटपर्यंत टिकली.

हे सगळं मी लोकांना नेहमी सांगते, फक्त एक गोष्ट सोडून. विमान उतरल्यावर मुख्याध्यापक पुढं आले आणि त्यांनी विचारलं, "दुरुस्ती कोणी केली?" तुम्ही माझ्या मागं दोन पावलांवर उभे होतात. मी म्हणाले, "मीच केली, सर." तुम्ही वाकून पंखांवरची माती झटकलीत. मी तुम्हाला एसटीपर्यंत सोडायला आले, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, बॅटरी उन्हात ठेवू नका. त्यानंतर मी दोनदा जळगाव जामोदला आले, तुमच्या दुकानासमोरून गेले, पण आत आले नाही. मला लाज वाटत होती, चाचा.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. तुमचा मुलगा अजून तिथंच राहतो, त्याला देता येईल. पण तो ते वाचेल, म्हणूनच मी देणार नाही.