आप्पांचा खडा

९ जाने.
प्रदर्शनाची मांडणी संपली. विहिरींच्या खोदकामात निघालेले काळे दगड, त्यांच्या पोकळीत पांढरे-हिरवे स्फटिक. एका पोकळीत स्फटिकांशेजारी आप्पांचा मुतखडा बसवला. तपकिरी, काटेरी. ऑपरेशननंतर भावानं बाटलीत घालून दिलेला, ‘तुला दगड आवडतात ना’ म्हणून. पाटी : ‘वडिलांच्या पोटातलं फूल’. क्षार दगडात साठतात तसेच माणसातही, एवढंच म्हणायचंय. आप्पांना विचारायचं राहिलं.
राहिलं म्हणजे, विचारलं नाही.

११ जाने.
उद्घाटन. आप्पा गारखेड्याच्या घरून इस्त्रीच्या सदऱ्यात आले. सोबत सिल्लोडचे दोस्त रशीदचाचा आणि अजून दोघं. “माझ्या पोरीचं हाय समदं,” दारातच सांगत होते. रशीदचाचांनी पाटी मोठ्यानं वाचली. “क्यूं आप्पा, तुम्हारा है क्या ये?” सगळे हसले. आप्पाही हसले, जरा उशिरा. चहा न घेता गेले.
मी एका बाईंना स्फटिक कसे वाढतात ते सांगत होते. सगळं दिसत होतं. सांगतच राहिले.

१२ जाने.
आप्पा फोन घेत नाहीत. वहिनी म्हणाली, “झोपलेत.” भर सकाळी?
संयोजक म्हणतात, लोक त्याच दगडापाशी थांबतायत, हलवू नका. ऐकून बरं वाटलं. त्याचीच जास्त लाज.

१४ जाने. संक्रांत
तिळगूळ घेऊन गारखेड्याला. आप्पांनी टीव्हीकडं बघत खाल्ला. माफी मागायला गेले होते, थंडीवर बोलून परत.

१५ जाने.
खडा काढला. संयोजक नाराज. असू देत.

१८ जाने.
आप्पा स्टुडिओत आले. न सांगता, पहिल्यांदाच. टेबलावर बाटलीत खडा दिसला त्यांना.
“काढला व्हय?”
“हो. चुकलं माझं.”
बराच वेळ खडा बघत होते. मग म्हणाले, “लोक हसले त्याचं काय नाय. रशीद जन्माचा हसतोय. पण तू फूल लिवलंस. मी फरशीवर लोळत होतो, उशी दातात धरून. ते कुठंच नव्हतं.”
तेव्हा मी नाशिकला, कलाशिबिरात. भावाला फोनवर ‘बरे आहेत ना’ एवढं विचारलं होतं. परत आल्यावर आधी खडा बघितला, मग आप्पांना.
जाताना म्हणाले, “लावायचा तर लाव. पण नीट लिव.”

२० जाने.
नवी पाटी लिहायला बसले. ‘फार दुखलं’ लिहिलं, खोडलं. मला काय माहीत?
शेवटी फोन केला. “आप्पा, कसं दुखत होतं, सांगाल?”
तिकडं टीव्ही बंद केल्याचा आवाज. मग, “फोनवर नाय सांगता यायचं. ये.”
रिक्षा खाली आलीय. आप्पांच्या नजरेला नजर देऊन ऐकता येईल का?