शिंपल्यांची वाळू

ता. २ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. भूकंपात पडलेला फोनचा टॉवर अजून आडवाच आहे आणि टपालाचा ट्रक इथे आठवड्यातून एकदाच येतो. मी धडधाकट आहे. वेळेवर जेवते, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण सकाळी साडेपाचला कुणी न उठवता उठते. आईला हे दोनदा वाचून दाखवा, एकदा वाचून तिला पटणार नाही.

आमच्या बौद्ध भिक्खुसंघाची शाळा पुरी होत आली. आठ खोल्या, वर पक्का स्लॅब. जुनी शाळा भूकंपात बसली आणि एकतीस मुलं गेली. तेव्हापासून इथल्या आया मुलांना पक्क्या छताखाली पाठवायला तयारच नाहीत, वर्ग ताडपत्रीखाली भरतात. येत्या तीस तारखेला आमच्या थोरल्या भिक्खुणी ही शाळा गावाच्या हवाली करणार. त्यांना आम्ही सगळे मोठ्या माई म्हणतो. त्यांचा दंडक असा, की काहीही देताना दोन्ही हातांनी द्यायचं आणि वाकायचं आपण, कारण घेणाऱ्यानं आपल्यावर उपकार केलेले असतात. ब्लँकेटं वाटताना मी इतकी वाकले की दोन दिवस कंबर सरळ होईना.

माझ्याकडे सामानाची खोली आहे. सिमेंट, लोखंड, वाळू, जे येईल ते बघायचं आणि सही करून घ्यायचं. ग्रंथालयातली कारकून मी, पुस्तकं लावण्याची शिस्त इथे पोत्यांना लावली आहे. मध्ये घाट खचला आणि नेहमीची वाळू येईना. मग दुसरीकडून सतरा ट्रक आले. बाबा, काय देखणी वाळू होती! बारीक, चमचमणारी, चाळायलाही नको. त्यात इवलेइवले शिंपले निघतात, गावातल्या पोरी वेचून माळा करतात. भिंतीही छान वाळताहेत. खालच्या अंगाला आपोआप पांढरी पावडर धरली आहे. मी म्हटलं, चला, चुन्याचा एक हात वाचला.

दर शनिवारी दुपारी आमची बैठक असते. प्रत्येकानं आठवड्यातली आपली चूक सांगायची. फक्त आपली, दुसऱ्याचं नावसुद्धा काढायचं नाही. मागच्या शनिवारी मी पाहुण्यांसाठी ठेवलेली बिस्किटं खाल्ल्याचं कबूल केलं. सगळे पोट धरून हसले.

आम्ही बारा जण शाळेच्याच दोन खोल्यांत राहतो. अजून धक्के बसतात, पण आता कुणी पांघरूणही बाजूला करत नाही.

कळावे. माया पातळ होऊ देऊ नये.
तुमची,
धाकली

ता. ८ मार्च

चि. धाकलीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आईला दोनदा वाचून दाखवलं. बिस्किटांवर ती खूप हसली आणि म्हणाली, लहानपणची खोड गेली नाही. मी हसलो नाही. मी शिंपल्यांपाशी अडकलो.

पोरी, माळा कराव्यात इतके शिंपले नदीच्या वाळूत नसतात. ती समुद्राकडची वाळू आहे. आणि तू जिला पावडर म्हणतेस तो लोणा आहे, भिंतीतलं मीठ बाहेर येतं आहे. असली वाळू धुतल्याशिवाय वापरली तर तिच्यातलं मीठ आतलं लोखंड खातं. वरून सगळं ठाकठीक दिसतं, आत गंज फुगत राहतो आणि पुढे एखाद्या धक्क्यात... पुढचं लिहायला हात होत नाही.

उरलेल्या वाळूची चिमूट जिभेवर ठेव. मग मागच्या बाजूच्या एखाद्या खांबाच्या पायाशी छिन्नीनं दोन बोटं खोल टोचून आतली सळई बघ. आणि अंथरूण आजच्या आज बाहेर काढ. हे मी सुचवत नाही, सांगतो आहे.

माझं चुकतही असेल. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, आता हात थांबले तरी दुसऱ्याच्या भिंतीत खोड काढायची सवय जात नाही. मी चुकलो असं लिहून कळव, म्हणजे मोहल्लाभर बिस्किटं वाटतो. तोवर माझं जेवणात लक्ष नाही.

उलटटपाली उत्तर हवं.
तुझा,
बाबा

ता. १५ मार्च

ती. बाबांस,
नमस्कार.

वाळू खारट आहे. काल तीनदा चाखली, तीन ठिकाणची.

खांबही टोचला. सळई लालसर तपकिरी झाली आहे, नखानं खरवडलं तर पापुद्रे निघतात. मी खड्डा ओल्या मातीनं बुजवला आणि समोर पोती लावून ठेवली, चोरासारखी. अंथरूण बाहेर काढलं. बाकीच्यांना सांगितलं, मला आत कोंदतं. ते अकरा जण अजून आतच झोपतात, आणि धक्का बसला की मी बाहेर उभी राहून त्यांच्या खिडकीकडे बघत राहते. 

सतराही ट्रकांच्या कागदांवर माझीच सही आहे. आमचे इंजिनियर दुसऱ्या गावी गेलेत, ते थेट तीस तारखेला येणार. मोठ्या माईंनी गावाला शब्द दिला आहे.

काल सकाळी एक बाई खोल्या बघायला आली. इस्पितळात कपडे धुते. तिची थोरली दोघं जुन्या शाळेत गेली, धाकटी तेवढी राहिली आहे. तिनं भिंतीवर तळहात ठेवला आणि इथल्या शिक्षिकांकरवी मला विचारलं, की ही मजबूत आहे ना. बाबा, माझ्या तोंडून हो निघालं.

त्यानंतर दुपारी बैठक होती. माझी पाळी आली आणि मी सांगितलं, की एकदा सामानाच्या खोलीला कुलूप लावायला विसरले. कुणी हसलं नाही. मला फार भीती वाटते. मी काय करू ते लिहा.

तुमची,
धाकली

ता. २० मार्च

चि. धाकलीस,

मी सांगतो ते नीट ऐक. तू घरी निघून ये. आई आजारी आहे असं सांग, पाहिजे तर मी तसं पत्र पाठवतो. निघण्याआधी त्या अकरा जणांना काहीतरी निमित्त काढून बाहेर झोपायला लाव, पण वाळूचा शब्द काढू नकोस. तिथे एकतीस मुलं गेली आहेत. अशा गावात परक्या मुलीनं उभं राहून माझी सही आहे म्हणावं, म्हणजे लोक काय करतील याचा नेम नाही. इंजिनियर येईल, तो बघेल, त्याचं ते कामच आहे. तू जाणूनबुजून काही केलेलं नाहीस. तुझ्या डोक्यावर हे कुणी घालावं हे मी सहन करणार नाही.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. वाट बघतो आहे.
बाबा

ता. २१ मार्च

चि. धाकलीस,
आ.

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि परत काढायला गेलो, तर पेटी उघडून टपाल नेलेलं होतं. ते फाडून टाक. भीतीनं लिहिलं होतं.

इंजिनियर येईल, भिंतीवरून चुना फिरलेला असेल, मांडव घातलेला असेल, तो काय बघणार? मी स्वतः असे कितीतरी समारंभ पाहिले आहेत, तेव्हा कुणी खांबाकडे बघत नाही. तुला सांगावंच लागेल. आधी माईंना सांग, आणि त्यांच्या सोबतीनं गावाला. एकटी जाऊ नकोस. आईला आज सगळं सांगितलं. ती पहिल्यांदा माझ्यावर कडाडली आणि मग म्हणाली, की आपली पोर सांगेल. 

तुझाच,
बाबा

ता. २८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न.

तुमची दोन्ही पत्रं परवा एकाच थैलीतून आली. तोवर सांगून झालं होतं.

एकवीस तारखेच्या बैठकीत माझी पाळी आली. मी नुसती मूठ पुढे करून वाळू जमिनीवर ओतली. मग एका दमात सगळं बोलले, मातीनं बुजवलेल्या खड्ड्यासकट. माझं संपल्यावर आमचा ट्रकचालक म्हणाला, की आपण ती वाळू खाडीच्या तोंडाशी भरताना पाहिली होती. माल कालवणारी बाई म्हणाली, की तिचे हात तेव्हा चरचरायचे. स्वयंपाक करणाऱ्या काकांनी ती वाळू भांडी घासायला घेतली होती, त्यांनाही चव कळली होती. कुणालाच ही आपली चूक वाटली नाही, आणि दुसऱ्याची काढायची नाही असा आमचा नियम. मोठ्या माईंनी ओतलेल्या वाळूची चिमूट उचलून जिभेवर ठेवली. मग म्हणाल्या, की या शनिवारची सगळ्यात मोठी चूक त्यांचीच, कारण तो नियम त्यांनी घातला. त्याच दुपारी सगळ्यांची अंथरुणं बाहेर आली.

इंजिनियरना निरोप धाडला. ते आले, चार ठिकाणी टोचून पाहिलं आणि म्हणाले, पाडावी लागेल. मग आम्ही गावाला बोलावलं. माई आणि मी पुढे उभ्या होतो. माईंनी माझं कोपर घट्ट धरलं होतं. मी बोलायचे आणि इथल्या शिक्षिका ते त्यांच्या बोलीत सांगायच्या. एकानं दगड उचलला होता, मी बघितला. त्यानं तो मारला नाही, पण खालीही टाकला नाही. बरेच जण निघून गेले. मुलांना आणखी एक वर्ष ताडपत्रीखाली काढावं लागणार. आता नदीची वाळू येईल, येईल तेवढी मी चाखून घेईन.

ती कपडे धुणारी बाई मात्र गेली नाही. मी तिला म्हटलं, की मी तुम्हाला खोटं हो म्हटलं होतं. त्यावर तिनं एवढंच विचारलं, की जुन्या शाळेच्या वेळी असं सांगायला कुणी का आलं नाही. कुणाला तरी ठाऊक असणारच. 

बाबा, तुम्ही फाडायला सांगितलेलं पत्र मी फाडलं नाही. काल ते घेऊन तिच्या घरी गेले. रागावू नका. मी एकेक ओळ वाचली, शिक्षिकांनी तिला समजावून सांगितली. घरी निघून ये, शब्द काढू नकोस, कुणी हे तुझ्या डोक्यावर घालावं हे मी सहन करणार नाही, सगळं. ती मुलीची वेणी घालत ऐकत होती. संपल्यावर तिनं वेणीची गाठ मारली आणि म्हणाली, की म्हणजे त्या वेळी गप्प राहिलेल्या माणसालाही असाच कुणी बाप होता तर.

उद्या सकाळी पाडकाम सुरू होतं आहे. आईला नमस्कार.

लोभ आहे हे दोन्ही पत्रांतून कळलं.
तुमची,
धाकली