तीनशे सारख्या शेंडेखुड्या

११ मे

अवजारांच्या दुकानाचे शेठ आज गल्ल्यावरून उठून पायरीपर्यंत सोडायला आले. यवतमाळच्या माझ्या आजवरच्या सगळ्या खेपांत हे पहिल्यांदा. तीनशे नग हवेत. तुरीचे शेंडे खुडायची वेळ येते ऑगस्टच्या सुरुवातीला, त्याच्या आत. अट एकच: सगळे सारखे. एकाची मूठ काढून दुसऱ्याला लावली तर बसली पाहिजे. "नाही जमलं तर सांगा मॅडम, नमुना बाहेरच्या कारखान्यात पाठवतो." मी म्हटलं, जमेल. इथंच, आर्णीत जमेल.

म्हटलं खरं. माझी शेंडेखुडी आजच्या तारखेला अख्ख्या जगात एक आहे. हातात नळी, तिच्या टोकाला फिरती पाती, पाठीवर फवारणी पंपाची बॅटरी. ताठ चालत जायचं, शेंडे पडत जातात. कागदावरचं डोकं माझं, हात रफिकचाचांचा. आता तसेच तीनशे.

१३ मे

रफिकचाचांना (इथून पुढं र.चा., माझा पेन संपत आलाय) सांगितलं. बसस्टँडमागं त्यांचं सायकलचं दुकान. चाळीस वर्षांत सायकलीसोबत पंप, पिठाची चक्की, एकदा तर वरातीच्या घोड्याचा लगाम, सगळं दुरुस्त केलेलं. आनंद वगैरे काही नाही. फक्त विचारलं, "तीनशे बाया कोन्त्या?"

मी म्हटलं, आधी वीस करू चाचणीला. मजुरीला जाणाऱ्या सोनाबाईच्या टोळीतल्या वीस बाया वापरतील, त्यांत माझी मायही. त्यांनी मान हलवली. इतक्या सहज ते कधी मान हलवत नाहीत.

१९ मे

र.चा. सकाळी दुकानात नसतात. नाक्यावर चहाच्या टपरीवर बसलेले दिसतात, जिथं सोनाबाईची टोळी ऑटोची वाट बघत उभी असते. तिथं चहा जरा बरा मिळतो असं म्हणाले. म्हाताऱ्या माणसाला चहावरून काय बोलायचं.

मायनं सकाळी अंगठ्याचं नख दाखवलं. मागच्या हंगामात शेंडे खुडून काळं पडलं ते अजून काळंच. "तुही मशीन येऊ दे, मंग नेलपालिश लावतो," म्हणाली.

३० मे

खोकी आली. पांढरी, वर तुरीच्या फांदीचं चित्र, आत बरोबर चार फूट. र.चा.ही म्हणाले वीस तयार.

भरायला बसले. पहिली बसली. दुसरीची नळी वीतभर बाहेर. तिसरी आत खुळखुळ वाजते. चौथीची मूठ भलतीकडं. सात खोक्यांतून नळ्या बाहेर आलेल्या, दुकानासमोर ओळीनं. येणारे जाणारे थांबून बघत होते.

वीस नग, वीस मापं. बुडाशी एक ठिपका, दोन ठिपके, असे वीसपर्यंत टोचे मारलेले. प्रत्येक ठिपका म्हणजे एक बाई. माणूस चहा पीत नव्हता, उंची मोजत होता.

मी खूप बोलले. इतकं बोलायला नको होतं. शेवटी ते म्हणाले, "वीस बाया सांगतल्या तू, वीस बनवल्या. सोनाबाई बुटकी हाये. तुही माय डावरी हाये, तिची मूठ उलटी बसवली. आता सारखी बनवू म्हनतं त कोनाच्या हातासारखी बनवू, ते सांग."

 रागानं सातही खोकी उचलून आत नेली.

२ जून

शेतात अजून काहीच नाही, म्हणून बांधावरच्या सुबाभळीवर चाचणी. बायांना नगांबद्दल एक शब्द सांगितला नाही. ढिगात हात घालून दोन-तीन उचलून बघितल्या आणि प्रत्येकीनं आपापली बरोबर काढली. सोनाबाई म्हणाली, "हे त माह्यासाठीच बनवलेली दिसते." मायनं सात ठिपक्यांची घेतली आणि पाच मिनिटांत अर्धी सुबाभूळ बोडकी.

र.चा. लांब बसून सुपारी कातरत होते, माझ्याकडं न बघता. न बघणंच इतकं बोलकं होतं की मी घरी निघून आले.

चालते आहे, झकास चालते आहे आणि धंद्याला निरुपयोगी आहे. कोणाला सांगू?

५ जून

शेठ येऊन गेले. खोक्यांबाहेरच्या नळ्या बघून हसले, वाईट हसले नाहीत. हात टेकल्यासारखं म्हणाले, "मॅडम, ही कारागिरी झाली, माल नाही झाला." मग ढिगातली एक उचलली, सगळ्यात चकचकीत, आणि गाडीत घातली. कारखान्याला दाखवतो म्हणाले. मी अडवलं नाही. आधी स्वतःच जमेल म्हणाले होते ना, आता कोणत्या तोंडानं अडवू?

विचारलं एवढंच, माझी ऑर्डर गेली का? म्हणाले, जो आधी देईल आणि सारखी देईल, त्याची.

ठीक आहे. मग मीच देणार. कारखान्याला तुरीचं झाड दाखवलं तर ते कपाशी म्हणतील.

२४ जून

सगळीकडं तूर पेरून झाली. म्हणजे पंचेचाळीस दिवस. घड्याळ जमिनीतच सुरू झालं.

लाकडाचा फर्मा केला. नळी त्यात ठेवायची, फर्मा सांगेल तिथंच भोक, तिथंच मूठ. डोळे मिटून केली तरी तीच. र.चा.ना दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, खाली ठेवला. "हे त ज्याले हात नाही त्याच्यासाठी हाये."

मीही ऐकून घेतलं नाही. म्हटलं, चाचा, तुमच्यानंतर ही मशीन कोण दुरुस्त करणार? तुमची सात ठिपक्यांची तुम्हालाच कळते, मशीन माझी असून मला कळत नाही.  दुपारी दुकान लवकर बंद केलं. इतकी वर्षं बघते आहे, शुक्रवार सोडून असं नाही.

मी जास्त बोलले. पण खोटं बोलले नाही.

३ जुलै

नऊ दिवस र.चा. फर्म्याला हात लावत नव्हते. मी एकटीच भोकं पाडत होते. सगळ्या नळ्या एका लांबीच्या झाल्या आणि निम्म्या बायांच्या खांद्याला लागायला लागल्या. म्हणजे म्हातारा खरा आणि शेठही खरा आणि मी मधोमध.

आज एक पोरगी सायकल घेऊन आली. मोठ्या भावाची, पाय पोचेना. र.चा.नी शीटखालचा नट सैल केला, शीट खाली दाबलं, नट कसला. पोरगी गेली. ते पाना हातात धरून तसेच उभे राहिले. मीही उभी राहिले. दोघांच्याही डोक्यात एकदमच आलं असणार, पण बोलले तेच.

"सायकल साऱ्यायले एकच. शीट ज्याच्या त्याच्या पायाचं."

मग संध्याकाळपर्यंत दोघांनी जेवणसुद्धा विसरून काम केलं. मूठ नळीवर खाली-वर सरकते आणि गोलही फिरते, डावरीला डावीकडं, उजवीला उजवीकडं. नळी एकच, फर्म्यातली. र.चा. म्हणाले फर्मा जरा वाकडा आहे, मी नीट करतो. केला. कबुली अशी असते त्यांची.

९ जुलै

सोनाबाईला नवी दाखवली. मूठ सरकवून झाली, कसायला पाना दिला. पान्याकडं बघत राहिली. "अन् हे कोठी ठेवू, पदराले बांधू? वावरात हरपला त दिवसभर ढिल्या मुठीनं नाचू काय?"

आम्ही दोघं इतके शहाणे, हे सुचलं नाही. पाना बाद. दोन कानांचा नट लावला, बोटांनी कसला जातो. र.चा. आधी म्हणाले बोटांनी किती कसणार. सोनाबाईनं कसला तो र.चा.ना सुटेना. इतक्या वर्षांत मी त्यांना असं गोरंमोरं झालेलं पाहिलं नव्हतं.

१८ जुलै

कारखान्याचे पाच नमुने शेठनी पाठवले, "पाहून घ्या, कसा माल असतो" म्हणून. लाल-काळ्या प्लॅस्टिकच्या. खरं लिहिते, माझी मी खोक्यामागं सरकवली. इतक्या देखण्या. पाचही एकमेकींसारख्या, केसाचा फरक नाही.

सोनाबाईच्या टोळीला दिल्या. पहिलीच बाई ओरडली. चालू केली की खुडलेला पाला सरळ तोंडावर. दुसरीच्याही. बटण अंगठ्याला सापडेना. मायनं एक घेतली आणि आरामात चालवायला लागली. "मले त बरी लागून राह्यली," म्हणाली.

उलटी करून बुड पाहिलं. प्लॅस्टिकमध्ये ओतलेले ठिपके. सात.

शेठनी उचललेली ती मायची होती. इमानदारीनं नक्कल केली आहे बिचाऱ्यांनी, एक ठिपका सोडला नाही. डावऱ्या, साडेचार फुटी, माझ्या मायच्या हाताचा साचा! आता अख्ख्या जिल्ह्यानं माय व्हायचं.

र.चा.ना ठिपके दाखवले. ते हसत हसत खोकायला लागले, खोकत खोकत खाली बसले. मीही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. किती महिन्यांनी.

२० जुलै

शेठना फोन केला. सगळं सांगितलं.  मग म्हणाले साचा बनून गेला, तीनशे निघून राहिले, बायांना सवय होऊन जाईल. वर तुमचं नाव छापतो, शेंडेखुडी, आर्णी. एक सही पाहिजे फक्त.

सही देत नाही म्हटलं. बायांना कशाकशाची सवय करायला लावायची? वाकायची आहे, नख काळं करायची आहे, आता तोंडावर पाला घ्यायचीही? माल विकायचा तर विका, पण शेंडेखुडी नावानं नाही. माझे आठ तारखेला वावरात असतील, तिथं येऊन बघा.

"किती असतील?"

आकडा सांगितला नाही. होता कुठं सांगायला.

२ ऑगस्ट

सेहेचाळीस. तीनशे होणार नाहीत, हे मला सोळा जुलैपासून माहीत आहे, आज लिहिते आहे. पण सेहेचाळीसही सारख्या. आज डोळ्यांवर रुमाल बांधून दहा मुठी काढल्या, कालवल्या, परत लावल्या. दहाही बसल्या. र.चा. म्हणाले हा काय तमाशा. मग म्हणाले, परत कर.

ठिपके मारू नका हे मीच सांगितलेलं. त्यांचा हात टोच्याकडं जातो, मागं येतो. बघवत नाही, पण मारा म्हणून सांगणारही नाही.

७ ऑगस्ट

चौसष्ट. तूर कमरेला आली. मायनं वावरातून एक शेंडा आणून फर्म्यावर ठेवला.

शेठचा निरोप, उद्या येतात. त्यांचे तीनशे दुकानात येऊन पडलेत. दोन्ही बघणार, मग ठरवणार म्हणे. त्यांनी आपलं ठरवावं. मी हरले तरी पुढच्या वर्षी फर्मा इथंच असणार आहे, त्याला कुठं जायचंय.

८ ऑगस्ट, वावरात, बांधावर बसून

सगळ्या चौसष्ट बांधावर ओळीनं ठेवल्या. निशाणी नाही, नाव नाही. शेठच्या पाच लाल-काळ्या शेजारी.

टोळी आली. सोनाबाईनं ओळीतली मधलीच एक उचलली, निवडली नाही. मूठ खाली सरकवली, नट कसला, बॅटरी पाठीवर टाकली आणि तुरीच्या दोन ओळींमधल्या तासात शिरली. मागून बाकीच्या. सर सर आवाज सुरू झाला, शेंडे पडायला लागले. एकीच्याही तोंडावर नाही. लाल-काळीतली एक गेली फक्त, मायच्या हातात. तिला मी काही बोलले नाही. तिच्या मापाची आहे, चालवू दे.

र.चा. शेजारी बसले होते. खूप वेळानं म्हणाले, "पाह्यलं? एकीनंबी मले माप नाही इचारलं." मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. काढला नाही त्यांनी.

शेठची गाडी आली. उतरून चष्मा लावून उभे आहेत. आधी लाल-काळी हातात घेतली, आता माझी.

मधल्या तासात एक बंद पडली. आवाज कमी झाला तसा शेठनी लगेच तिकडं पाहिलं. र.चा. सवयीनं उठले, पान्याचा थैला खांद्याला, दोन पावलं गेले. थांबले. परत येऊन बसले.

"जा तू. फर्म्यावरची हाये, तुले समजन."

खिशात मशीनचं एक सुटं बटण आहे. कुठल्याही नगाचं कुठल्याही नगाला बसतं, असं मीच सगळ्यांना सांगत आले. सोनाबाई हात वर करून बोलावते आहे. शेठ बघताहेत.

जाते.