झुंबरची पाटी

प्रिय चिऊ,

तुझं पत्र आणि आपल्या स्केटिंग हॉलचा फोटो मिळाला. नवी फरशी, पिवळ्याधमक भिंती आणि दारावर रंगाऱ्यासाठी कोरी ठेवलेली पाटी. तो पिवळा मला बघवत नाही, पण तुझ्या पप्पांनाही न बघवणारेच रंग आवडायचे, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगायच्या, रागाच्या भरात पत्र लिहू नये. राग नसताना कोण कशाला पत्र लिहीत बसेल, ते काही त्या सांगायच्या नाहीत.

पत्रासोबत तू पेपरचं कात्रण पाठवलंस. ‘आमचा झुंबर’ म्हणे! जिवंतपणी हीच मंडळी तुझ्या पप्पांना नटवा म्हणायची. पण झुंबर हे नाव अगदी चपखल होतं. आरशाचे तुकडे शिवलेलं ते जाकीट घालून ते फरशीवर उतरले की छतभर कवडसे पळायचे. मी हॉलवर पियानो वाजवायची नोकरी मागायला आले, तेव्हा अंगावर इस्त्रीची साडी, काखेत सर्टिफिकिटं. समोरून हे गृहस्थ पायांत चाकं, हातात चहाचा ट्रे, आणि येतायत उलटे, पाठमोरे! एक थेंब सांडला नाही. सर्टिफिकिटांकडे ढुंकूनही न बघता म्हणाले, “बाई, वाजवता येतं ते दिसतंय. कुणी पडलं तर थांबता येतं का?”

त्यांच्या नियमाची आणि माझी ओळख झाली ती अशी. कुणी पडलं की शिट्टी. पियानो बंद. सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, जवळ कुणी जायचं नाही, आणि पडलेला आपला आपण उठेपर्यंत टाळ्या वाजवायच्या. मुळात यात मोठं तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं. चाकं घातलेला माणूस दुसऱ्याला उचलायला गेला की दोघंही आपटतात, आणि तशी मनगटं मोडून घेतलेली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. पण लोकांना त्या टाळ्या आवडायला लागल्या. मग तुझ्या पप्पांनी दारावर त्या नियमाची पाटी रंगवून घेतली आणि साध्या खबरदारीचा धर्म करून टाकला.

तू लिहितेस, ‘फरशीवर आपटून पुढचा दात पडला, त्या दिवशी मी उभं राहायला शिकले.’ शिकली असशील. मी पियानोवरून पाहिलं ते असं, की तू लोकांकडे बघतच नव्हतीस. तू पप्पांकडे बघत होतीस. मी स्टुलावरून उठले तर त्यांनी लांबूनच बोट दाखवलं, “बाई, बसा.” तू उठलीस, हनुवटीवर रक्त, आणि हसलीस. एवढा हॉल टाळ्या वाजवतोय म्हटल्यावर एवढंसं पोर दुसरं काय करणार?

तुझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू होस्टेलवर होतीस. ती उशीला टेकून बसली की तुझे पप्पा पायथ्याशी उभे राहून टाळ्या वाजवायचे. सुरुवातीला तीही हसायची. पुढे तिला बसवेना. मी सूप घेऊन गेले तेव्हा हे हळूहळू, आवाज न करता टाळ्या वाजवत होते आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. माणूस दुष्ट नव्हता गं. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

आता पेपरातलं ते वाक्य, ‘टाळ्यांच्या गजरात राजासारखा निरोप’. तू ते संगमरवरावर कोरून घेणार आहेस. कोरण्याआधी तेव्हा काय झालं ते ऐक. लिहिणारा तिथे नव्हता, मी होते.

ते उलटी फेरी मारत होते. पडले. दरवानाने सवयीने शिट्टी मारली, मी सवयीने थांबले. मुद्दाम पडून कसं उठायचं ते दाखवायची त्यांची खोड सगळ्यांना माहीत, त्यामुळे हसत हसत टाळ्या सुरू. ते कोपरावर उठले. टाळ्या वाढल्या. मग त्यांनी हात पुढे केला. अगदी शेजारी आपला ड्रॉइंगचा मास्तर उभा होता, त्याने अजून जोरात टाळ्या वाजवल्या. मी प्लॅटफॉर्मवरून उतरले. माझे गुडघे हे असे. लोक मला अडवतायत, “अहो बाई, नियम! नियम!” जाकिटाचे कवडसे छतावर थरथरत होते, कारण जाकिटातला माणूस थरथरत होता. मी जवळ बसले तेव्हा त्यांनी माझा हात असा धरला की बांगडी वाकली. म्हणाले, “यांना म्हणावं, पुरे.” शेवटचं बोलले ते एवढंच. मी सिस्टरांच्या आवाजात ओरडले तेव्हा कुठे हॉल गप्प झाला. त्या गर्दीत एक डॉक्टरही होता, पायांत चाकं घातलेला. तोही टाळ्याच वाजवत होता. लगेच पोचलो असतो तर, असं काहीतरी तो मला नंतर जिन्यात सांगायला लागला. मी त्याला तिथेच सोडून खाली उतरले.

हे मी तुला इतकी वर्षं सांगितलं नाही, आणि आताही सांगितलं नसतं. पण पत्राच्या तळाशी तू सहज विचारलंस, मावशी, जुन्या पाटीवरचे नेमके शब्द काय होते, रंगारी खोळंबलाय. मला ते अक्षरन्‌ अक्षर पाठ आहेत आणि मी ते तुला देणार नाही. रंगाऱ्याला चहा पाज आणि घरी पाठव. संगमरवरावर त्यांचं नाव घाल, जाकीट काचेच्या कपाटात लाव, हवं तर भिंती आणखी पिवळ्या कर. उद्घाटनाला पियानोवर मीच बसणार, दुसऱ्या कुणाला बोलावशील तर खबरदार. पण कुणी पडलं तर या वेळी मी थांबणार नाही, वाजवत राहीन. धावायचं तू.

तुझीच,
पियानोमावशी